यीस्टमधील अर्धसूत्री विभाजन आणि तर्कूचे विघटन : एका उशिरा विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास

सारांश

पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेणारी तंतुमय रचना म्हणजे तर्कू. ही रचना कशी उभी राहते, या प्रश्नाचा अभ्यास गेल्या शतकात विपुल प्रमाणात झाला. ती कशी मोडली जाते, या प्रश्नाकडे मात्र तुलनेने उशिरा लक्ष गेले. प्रस्तुत लेखात १८८२ पासून २०२३ पर्यंतच्या संशोधनाचा आढावा घेऊन या विलंबाची कारणे शोधली आहेत. यीस्टमधील अर्धसूत्री विभाजनाच्या अभ्यासामुळे तर्कूचे विघटन ही आपोआप होणारी झीज नसून पेशीने नेमक्या वेळी, ठरावीक क्रमाने पार पाडलेली क्रिया आहे, हे कसे स्पष्ट होत गेले, याची मांडणी येथे केली आहे.

बीजशब्द : यीस्ट, अर्धसूत्री विभाजन, तर्कू, सूक्ष्मनलिका, बीजाणू, विज्ञानाचा इतिहास

१. प्रस्तावना

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पेशीविभाजनाच्या अंत्यावस्थेचे वर्णन करताना 'तर्कुतंतू नाहीसे होतात' असे वाक्य सहसा आढळते. हे वाक्य चुकीचे नाही. परंतु त्यातील क्रियापद अकर्मक आहे. नाहीसे कोण करते, कोणत्या वेळी करते आणि ते न झाल्यास काय घडते, हे प्रश्न या वाक्यरचनेत उद्भवतच नाहीत. विज्ञानातील एखादा प्रश्न दीर्घकाळ विचारला न जाण्यामागे पुष्कळदा साधनांचा अभाव असतो. पण काही वेळा भाषेने आणि गृहीतकाने तो प्रश्न आधीच मिटवून टाकलेला असतो. तर्कूच्या विघटनाबाबत या दोन्ही गोष्टी घडलेल्या दिसतात.

अर्धसूत्री विभाजनात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. सामान्य सूत्री विभाजनात एकदा तर्कू उभा राहतो व एकदा मोडतो. अर्धसूत्री विभाजनात मात्र पेशी एकामागून एक दोनदा विभागते आणि दोन विभाजनांच्या मध्ये डीएनएचे द्विगुणन होत नाही. म्हणजे पहिला तर्कू पूर्णपणे मोडून दुसऱ्या विभाजनासाठी नवे तर्कू उभारावे लागतात. तरीही पेशीने विभाजनचक्रातून पूर्णपणे बाहेर पडून चालत नाही. या दुहेरी अटीची उकल मुख्यतः मद्य आणि पाव बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टच्या अभ्यासातून झाली.

२. तर्कूच्या अस्तित्वाचा वाद (१८८२–१९५३)

जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सॅलमँडरच्या अळीतील पेशींचे विभाजन तपशीलवार वर्णन केले आणि त्या क्रियेला 'मायटोसिस' ही संज्ञा दिली. रंजकद्रव्ये शोषून घेणाऱ्या गुणसूत्रांभोवती रंग न घेणाऱ्या फिकट तंतूंची एक आकृती त्यांनी नोंदवली. दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर असलेली ही आकृती सूत कातण्याच्या चातीसारखी दिसत असल्यामुळे तिला तर्कू असे नाव मिळाले. १८८३ मध्ये एडुआर्ड व्हान बेनेडेन यांनी अस्कॅरिस या कृमीचा अभ्यास करून अंडपेशी व शुक्रपेशी यांच्या केंद्रकांकडून गुणसूत्रांचा सारखाच वाटा येतो, हे दाखवले. गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन असलेच पाहिजे, असे तर्कशुद्ध भाकीत ऑगस्ट वाइझमान यांनी १८८७ मध्ये केले. या विभाजनासाठी आज रूढ असलेल्या 'मायोसिस' या संज्ञेचा उगम १९०५ मध्ये फार्मर आणि मूर यांच्या लेखनात झाला.

गुणसूत्रांविषयीचे ज्ञान असे झपाट्याने पुढे जात असताना तर्कूची स्थिती मात्र संशयास्पद राहिली. जिवंत पेशीत साध्या सूक्ष्मदर्शकातून तंतू स्पष्ट दिसत नसत; ते दिसत ते आम्लांनी अथवा इतर रसायनांनी मारून स्थिर केलेल्या पेशीत. त्यामुळे हे तंतू म्हणजे प्रथिने गोठल्यामुळे निर्माण झालेला आभास असावा, अशी शंका अनेक अभ्यासकांनी उपस्थित केली. जी रचना खरोखर अस्तित्वात आहे की नाही हेच ठरलेले नाही, ती कशी मोडते हा प्रश्न उपस्थित होणे शक्यच नव्हते. १८९१ मध्ये फ्लेमिंग यांनी विभाजनाच्या अखेरीस दोन पेशींच्या मधोमध उरणारा एक लहानसा ठिपका नोंदवला होता. तो तर्कूचाच अवशेष होता. परंतु त्यातून विघटनाचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला नाही.

या वादाचा निकाल ध्रुवित प्रकाशाने लावला. व्ही. य. श्मिट यांनी १९३० च्या दशकात जिवंत पेशीतील तर्कूचे प्रकाशीय गुणधर्म नोंदवले होते. पुढे जपानमध्ये कात्सुमा दान यांच्या सहवासात घडलेल्या शिन्या इनोउए यांनी अतिशय संवेदनशील असा ध्रुवण-सूक्ष्मदर्शक विकसित केला. १९५२ मध्ये डॅनियल मेझिया आणि दान यांनी समुद्री साळूच्या अंड्यांतून विभाजनाची ही संपूर्ण यंत्रणा वेगळी काढून दाखवली. १९५३ मध्ये इनोउए यांनी जिवंत पेशीतील तर्कुतंतू प्रत्यक्ष दाखवले. त्यासाठी त्यांनी निवडलेल्या पेशी लक्षणीय आहेत : लिलीच्या परागमातृपेशी आणि कीटॉप्टेरस या सागरी कृमीची अंडी. या दोन्ही पेशी अर्धसूत्री विभाजनातील होत्या. तर्कूच्या अस्तित्वाचा निर्णायक पुरावा अशा रीतीने अर्धसूत्री विभाजनातूनच मिळाला.

३. समतोलाचा सिद्धांत आणि त्याची मर्यादा

इनोउए यांच्या निरीक्षणांतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. पेशी थंड केली, की तर्कू विरून जाई आणि पुन्हा उबदार केली, की काही मिनिटांत परत उभा राही. कोल्चिसीन या वनस्पतिजन्य द्रव्यानेही तर्कू नाहीसा होत असे. यावरून तर्कू ही पक्की बांधलेली वास्तू नसून सुट्या घटकांच्या साठ्याशी सतत देवाणघेवाण करणारी रचना आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९६७ मध्ये इनोउए आणि सातो यांनी या गतिमान समतोलाच्या सिद्धांताची विस्ताराने मांडणी केली. त्याच सुमारास बोरिसी आणि टेलर यांनी कोल्चिसीनला चिकटणारे प्रथिन शोधले. १९६८ मध्ये त्याला 'ट्यूब्युलिन' हे नाव मिळाले. तर्कुतंतू हे ट्यूब्युलिनच्या सूक्ष्मनलिकांचे बनलेले आहेत, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने स्पष्ट झाले. १९८४ मध्ये मिचिसन आणि कर्शनर यांनी प्रत्येक सूक्ष्मनलिका काही काळ सावकाश वाढते आणि मग एकाएकी वेगाने आखडते, हे दाखवून दिले.

हे सर्व संशोधन मूलगामी होते. तथापि त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. तर्कू मुळातच अस्थिर असेल, तर त्याच्या नाहीसे होण्याचे वेगळे स्पष्टीकरण आवश्यक वाटेनासे झाले. समतोल एका बाजूला झुकला की तर्कू उभा राहतो, दुसऱ्या बाजूला झुकला की विरतो, एवढे पुरेसे मानले गेले. हा समतोल नेमक्या क्षणी कोण झुकवते, हा प्रश्न मागे राहिला. त्याच्या उत्तरासाठी तर्कू मोडू न शकणारी पेशी मिळणे आवश्यक होते. अशी पेशी थंडीने अथवा औषधाने निर्माण होत नव्हती. ती आनुवंशिकीतून मिळणार होती.

४. यीस्टचा प्रयोगशाळेतील प्रवेश

यीस्टच्या शुद्ध वाणाची लागवड कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये यशस्वी केली. तिचा उद्देश बिअरचा दर्जा टिकवणे हा होता. त्याच प्रयोगशाळेत ओयविंद विंगे यांनी १९३५ मध्ये यीस्टच्या जीवनचक्रात एकगुणित आणि द्विगुणित अवस्था आलटून पालटून येतात, हे सिद्ध केले. द्विगुणित यीस्टला नायट्रोजनयुक्त अन्न मिळेनासे झाले आणि ॲसिटेटसारखा साधा कार्बनस्रोत तेवढा उरला, की ती अर्धसूत्री विभाजन करते. त्यातून निर्माण होणारे चार बीजाणू एका पिशवीसारख्या धानीत बंदिस्त राहतात. एकाच विभाजनाची चारही अपत्ये एकत्र मिळत असल्यामुळे आनुवंशिकीच्या अभ्यासकांना हा जीव अमूल्य ठरला.

परंतु यीस्टची पेशी अतिशय लहान असते आणि तिची गुणसूत्रे साध्या सूक्ष्मदर्शकातून वेगवेगळी ओळखता येत नाहीत. शिवाय विभाजनाच्या वेळी तिच्या केंद्रकाचे आवरण फुटत नाही. तर्कू त्या आवरणाच्या आतच उभा राहतो. केंद्रकातील या तंतुरचनेचे वर्णन कार्ल रॉबिनो आणि जॉन मॅराक यांनी १९६६ मध्ये केले. १९७१ मध्ये पीटर मोएन्स आणि रॅपोर्ट यांनी अर्धसूत्री विभाजनातील तर्कूंचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मागोवा घेतला. त्यातून यीस्टचे एक वैशिष्ट्य ठळक झाले. पहिल्या विभाजनानंतरही केंद्रकाचे आवरण एकसंधच राहते आणि त्याच आवरणात दुसऱ्या विभाजनाचे दोन तर्कू उभे राहतात. आवरण फुटून सगळी मांडणी नव्याने करण्याची संधी येथे नसते. ज्या जागेत जुना तर्कू होता, त्याच जागेत नवे उभारायचे असतात.

५. दोन बीजाणूंचे कोडे (१९७२–१९८०)

१९७२ मध्ये गरेवाल आणि मिलर यांनी यीस्टच्या काही वाणांत धानीमध्ये चारऐवजी दोनच बीजाणू तयार होतात आणि ते द्विगुणित असतात, अशी नोंद केली. १९८० मध्ये सू क्लॅपहोल्झ आणि रोशेल एस्पोझिटो यांनी अशाच एका नैसर्गिक वाणातून दोन जनुकीय दोष वेगळे काढले आणि त्यांना स्पो-१२ व स्पो-१३ अशी नावे दिली. या पेशींत अर्धसूत्री विभाजनापूर्वीचे डीएनए-द्विगुणन होत होते, गुणसूत्रांतील जनुकांची अदलाबदलही होत होती. परंतु केंद्रक दोनदा विभागण्याऐवजी एकदाच विभागत होते. गुणसूत्रांची वाटणी बहुतांशी दुसऱ्या विभाजनासारखी होत असल्याने पहिले विभाजन वगळले जाते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

त्याच वर्षी, त्याच 'जेनेटिक्स' या नियतकालिकात डेव्हिड शिल्ड आणि ब्रेक बायर्स यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लेलंड हार्टवेल यांनी १९७० पासून शोधलेल्या पेशीचक्रातील दोषयुक्त वाणांपैकी सीडीसी-५ आणि सीडीसी-१४ हे दोष असलेल्या पेशींनाही विशिष्ट तापमानात द्विगुणित बीजाणूंच्याच धान्या येतात, असे त्यांना आढळले होते. म्हणजे एकाच वर्षी एकाच नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांनी सारखेच लक्षण नोंदवले होते. एक जनुक बीजाणुनिर्मितीच्या अभ्यासातून आले होते, दुसरे सामान्य पेशीचक्राच्या अभ्यासातून. त्यांना जोडणारा दुवा मात्र त्या वेळी उपलब्ध नव्हता, कारण या जनुकांपासून बनणारी प्रथिने काय काम करतात, हे अज्ञात होते.

६. कोड्याची उकल (१९९९–२००३)

हा दुवा सूत्री विभाजनाच्या अभ्यासातून आला. सीडीसी-१४ हे प्रथिनांवरील फॉस्फेट काढून टाकणारे विकर आहे. विभाजनाला चालना देणारी कायनेज विकरे प्रथिनांवर फॉस्फेटची जी मुद्रा उमटवतात, ती पुसून पेशीला विभाजनातून बाहेर काढणे हे त्याचे काम. १९९९ मध्ये अँजेलिका आमोन आणि रेमंड डिशेज यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की हे विकर एरवी केंद्रकीत, म्हणजे केंद्रकातील गडद पिंडात, बांधून ठेवलेले असते आणि योग्य वेळ येताच मोकळे सोडले जाते. २००२ मध्ये आमोन यांच्या गटाने ही मुक्तता लवकर सुरू करणाऱ्या प्रथिनांचे एक जाळे वर्णन केले. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'फिअर' हे नाव मिळाले. त्या जाळ्यात स्पो-१२ होते.

२००३ मध्ये दोन निबंधांनी कोडे सोडवले. एक ॲडेल मार्स्टन, ली आणि आमोन यांचा. दुसरा बुओनोमो, किम नॅस्मिथ व सहकाऱ्यांचा. अर्धसूत्री विभाजनात पहिल्या विभाजनाच्या अखेरीस सीडीसी-१४ केंद्रकीतून मोकळे होते, पुन्हा बांधले जाते आणि दुसऱ्या विभाजनात पुन्हा मोकळे होते. सीडीसी-१४, स्पो-१२ अथवा एसएलके-१९ यांत दोष असेल, तर पहिला तर्कू मोडत नाही. मात्र गुणसूत्रांचे चक्र त्यासाठी थांबून राहत नाही. पहिल्या वाटणीनंतर दुसऱ्या वाटणीची वेळ येते आणि मोडायचा राहून गेलेल्या त्याच जुन्या तर्कूवर तीही पार पडते. दोन विभाजनांचे काम एकाच तर्कूवर उरकले जाते आणि शेवटी दोनच बीजाणू हाती येतात.

या निष्कर्षाने १९८० च्या निरीक्षणाचा अर्थ बदलला. स्पो-१२ दोष असलेल्या पेशीने पहिले विभाजन वगळले नव्हते. तिने पहिल्या विभाजनाचा शेवट केला नव्हता. स्पो-१३ चे कार्य निराळे निघाले. त्याचा संबंध पहिल्या विभाजनात भगिनी क्रोमॅटिड एकत्र धरून ठेवण्याशी असल्याचे पुढे स्पष्ट झाले. एकाच वाणात सापडलेल्या, सारखेच लक्षण दाखवणाऱ्या दोन दोषांची कारणे अशी भिन्न ठरली. अर्धसूत्री विभाजनातील 'दोन' ही संख्या तर्कूच्या वेळेवर होणाऱ्या विघटनावर अवलंबून आहे, हे या संशोधनाचे सर्वांत महत्त्वाचे फलित होय.

७. विघटनाचे टप्पे (२०१०–२०१२)

विघटन आवश्यक आहे हे ठरल्यावर ते कसे होते, हा प्रश्न रीतसर विचारला गेला. २०१० मध्ये जेफ्री वुडरफ, डेव्हिड ड्रुबिन आणि जॉर्जियाना बार्न्स यांनी यीस्टच्या सूत्री विभाजनात तीन वेगळ्या उपक्रिया ओळखल्या. तर्कूचे दोन अर्ध एकमेकांपासून सोडवणे, तर्कूची लांबी वाढणे थांबवणे आणि सूक्ष्मनलिका आखडण्यास सुरुवात करणे, अशा त्या तीन क्रिया होत. पहिली एपीसी या प्रथिनविनाशाची खूण करणाऱ्या संकुलामुळे, दुसरी ऑरोरा-बी कायनेजमुळे आणि तिसरी कायनेसिन-८ या चालक प्रथिनामुळे घडते. मांडव उतरवताना कापड काढणे, दोऱ्या सोडणे आणि खांब उपटणे ही कामे जशी वेगळी असतात, तशीच ही विभागणी आहे. एक काम अडले तरी मांडव काही अंशी उतरतो. दोन अडली तर तो उभाच राहतो.

२०१२ मध्ये याच गटाने पुढचे पाऊल टाकले. ज्या पेशींत तर्कू अर्धवटच मोडला जातो, त्या पेशी विभागतात. परंतु त्यांच्या कन्यापेशींना पुढच्या वेळी कार्यक्षम तर्कू उभारता येत नाही. त्यांना जादा ट्यूब्युलिन पुरवले, अथवा उरलेल्या सूक्ष्मनलिका औषधाने थोडा वेळ विरघळवल्या, तर तर्कू पुन्हा उभा राहू शकतो. म्हणजे जुना तर्कू मोडण्याचे एक प्रयोजन नव्या तर्कूसाठी माल मोकळा करणे हे आहे. इनोउए यांनी कल्पिलेला सुट्या घटकांचा साठा येथे नव्या अर्थाने पुढे आला. तो साठा आपोआप भरत नाही. तो भरावा लागतो.

८. दुसऱ्या विभाजनाचा शेवट (२०२०–२०२३)

अर्धसूत्री विभाजनाच्या अखेरीस पेशीला दुसऱ्या विभाजनाचे दोन तर्कू मोडायचे असतात आणि त्याच सुमारास चार केंद्रकांभोवती पटले मिटवून बीजाणू वेगळे करायचे असतात. या टप्प्याशी संबंधित दोन जनुके आधीपासून ज्ञात होती. बीजाणू घडण्यासाठी आवश्यक असलेल्या एसपीएस-१ या कायनेजचे वर्णन जॅकलिन सीगल यांच्या गटाने १९९४ मध्ये केले होते. केवळ अर्धसूत्री विभाजनात एपीसीला कार्यप्रवृत्त करणारे आमा-१ हे प्रथिन २००० मध्ये कूपर, स्ट्रिच व सहकाऱ्यांनी नोंदवले होते. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील लिंडा हुआंग यांच्या गटाने २०२० मध्ये एसपीएस-१ चा संबंध दुसऱ्या विभाजनातील तर्कूच्या विघटनाशी आणि पेशीद्रव्याच्या विभागणीशी जोडून दाखवला.

२०२३ मध्ये साइट्झ, हुआंग व सहकाऱ्यांनी दोन्ही जनुकांची तुलना केली. आमा-१ नसेल किंवा एसपीएस-१ नसेल, तरी तर्कू नीट मोडत नाही. परंतु दोन्ही प्रकारचे अपयश सारखे नाही. तर्कूच्या मध्यभागी समोरासमोरच्या सूक्ष्मनलिका एकत्र बांधणारे एएसई-१ आणि त्यांना परस्परांपासून दूर सरकवणारे सिन-८ ही प्रथिने हटवण्यासाठी आमा-१ लागते. सूक्ष्मनलिकांच्या वाढत्या टोकांशी निगडित असलेले बिम-१ हटवण्यासाठी एसपीएस-१ लागते. एका मार्गाने बांधणी सुटते, दुसऱ्याने टोकांचा आधार जातो. दोन्ही मार्ग पूर्ण झाले तरच विभाजन यशस्वीपणे संपते. तर्कू मोडला नाही म्हणून पटले मिटत नाहीत, असेही नाही, हे या अभ्यासाने स्पष्ट केले. हे दोन दोष एकत्र दिसत असले तरी एक दुसऱ्याचे कारण नाही. १९८० मधील निरीक्षणाच्या इतिहासाशी हे साम्य विचारात घेण्याजोगे आहे : सोबत दिसणाऱ्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव गृहीत धरण्याचा मोह येथेही होण्याजोगा होता आणि प्रयोगाने तो दूर केला.

९. निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, तर्कूच्या विघटनाचा प्रश्न साधनांच्या अभावामुळे जितका रखडला, तितकाच गृहीतकामुळेही रखडला. आधी तर्कू आभासी मानला गेल्यामुळे आणि नंतर स्वभावतः अस्थिर मानला गेल्यामुळे त्याच्या शेवटाला स्वतंत्र कारण शोधण्याची गरज वाटली नाही. दुसरी, उत्तराकडे नेणारा पुरावा १९७२ ते १९८० या काळातच छापून आला होता. तो दोन बीजाणूंच्या धानीच्या रूपात होता. तात्कालिक उपयोग दिसत नसतानाही विचित्र वाण जपून ठेवणे आणि अपूर्ण स्पष्टीकरणासह का होईना, निरीक्षण अचूक नोंदवणे किती मोलाचे असते, याचे हे उदाहरण आहे. तिसरी, यीस्टमधील एएसई-१, सिन-८, बिम-१ आणि ऑरोरा-बी या प्रथिनांचे सगोत्र मानवी पेशीतही आढळतात. मानवी पेशीत केंद्रकाचे आवरण फुटत असल्याने यीस्टचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तरीही गुणसूत्रांच्या चुकीच्या वाटणीचा विचार करताना तर्कूच्या उभारणीइतकेच त्याच्या विघटनाकडेही लक्ष द्यावे लागेल.

अध्यापनाच्या दृष्टीने एक लहानसा बदल सहज शक्य आहे. अंत्यावस्थेत तर्कुतंतू नाहीसे होतात, असे सांगण्याऐवजी पेशी तर्कू मोडते, असे सांगितले, तर ते कोण मोडते आणि न मोडल्यास काय होते, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात आपोआप उभा राहील. संशोधनात हाच प्रश्न विचारला जाण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.